काळा दगड आणि पांढरे प्रवाळ : मॉरिशसमधील माहेबूर

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराला पुणे रस्त्याच्या अंगाने जोडले गेलेले आणि रेणुकामातेच्या देवळामुळे जिल्हाभर ओळखले जाणारे केडगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीच्या पठारावर वसलेले असून, तेथून समुद्र गाठायचा तर सह्याद्री उतरावा लागतो. माहेबूर हे हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाच्या आग्नेय कोपऱ्यातले लहान शहर मात्र भरतीच्या पाण्याला लागूनच उभे आहे. एक ठिकाण विषुववृत्ताच्या उत्तरेस एकोणिसाव्या अंशाजवळ, तर दुसरे दक्षिणेस विसाव्या अंशापलीकडे असल्यामुळे दोन्ही उष्ण कटिबंधात मोडत असली तरी त्यांचे ऋतू उलटे आहेत, आणि दोहोंच्या मध्ये हजारो किलोमीटर पाणी पसरलेले आहे. असे असूनही केडगावात विहीर खणताना पहारीला लागणारा काळा पाषाण आणि माहेबूरच्या जुन्या भिंतींतला काळा दगड हे एकाच कुळातले आहेत, असे भूशास्त्र सांगते. या नात्यापासून सुरुवात केली, तर माहेबूरची भेट समुद्रकिनाऱ्यावरच्या एका दिवसापुरती उरत नाही. त्या शहराचा इतिहास, तेथले पीक, तेथली माणसे आणि त्यांच्यावर आलेली संकटे यांची संगती लागू लागते.

एका अग्नीची दोन अपत्ये

पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी अतिशय तप्त द्रव्य खोलवरून सतत वर येत असते आणि त्याच्या डोक्यावरून भूकवचाची तबके सरकत असतात. अशा जागेला तप्तबिंदू म्हणतात. तबक सरकत राहते आणि तप्तबिंदू जवळजवळ जागच्या जागी राहतो, त्यामुळे तव्याखालचा जाळ न हलवता तवा सरकवत नेल्यास त्यावर डागांची ओळ उमटावी, तशी ज्वालामुखींची रांग तयार होते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय तबक आज रेयुनियन बेटाखाली असलेल्या तप्तबिंदूवरून जात असताना लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि महाराष्ट्राचा बहुतांश भाग व्यापणारे दख्खनचे पठार घडले. तबक ईशान्येकडे सरकत गेले तशी याच मालिकेत लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या पायाखालची पाण्याखालची डोंगररांग निर्माण झाली. सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आले, आणि त्यानंतर आलेल्या रेयुनियन बेटावरचा ज्वालामुखी आजही जागा आहे. अहमदनगरचा भुईकोट ज्या बेसॉल्टच्या चिऱ्यांनी बांधला गेला, त्याच जातीच्या दगडावर माहेबूर उभे आहे; फरक आहे तो वयाचा, कारण नगरचा दगड माहेबूरच्या दगडाहून कितीतरी पटींनी जुना आहे.

मॉरिशसमधील ज्वालामुखी थंडावल्यावर दुसऱ्या एका बांधकामाला सुरुवात झाली आणि ते काम अतिसूक्ष्म प्राण्यांनी केले. प्रवाळ, म्हणजेच पोवळे, हा वनस्पतीसारखा दिसणारा पण प्राण्यांच्या वसाहतीने बनलेला जीव असून, त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्या अन्नाच्या बळावर प्रवाळ समुद्राच्या पाण्यातील चुना ओढून घेऊन स्वतःभोवती कठीण घर बांधते. उबदार, स्वच्छ आणि उथळ पाणी असेल तेथेच हे जमते. म्हणून मॉरिशसच्या काळ्या किनाऱ्याला बेटाचा बहुतेक घेर व्यापणारी सुमारे दीडशे किलोमीटर लांबीची पांढरी प्रवाळभिंत लाभली आहे. समुद्राच्या मोठ्या लाटा या भिंतीवर फुटतात आणि भिंत व किनारा यांच्यामध्ये उथळ, शांत, हिरवट-निळ्या पाण्याचा पट्टा उरतो, ज्याला लगून असे म्हणतात. डोंगरातून येणाऱ्या नद्या जेथे समुद्राला मिळतात, तेथे गोडे पाणी आणि गाळ यांमुळे प्रवाळाला वाढता येत नाही. परिणामी भिंतीत खिंडी पडतात आणि होडीला किंवा जहाजाला आत येण्यास वाट मिळते. किनाऱ्यावरची जुनी गावे अशा खिंडींच्या आधाराने वसलेली दिसतात आणि माहेबूर त्याला अपवाद नाही. शहराला लागून वाहणाऱ्या नदीचे नाव ला शो असे आहे आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ चुना असा होतो. पूर्वी या बेटावर समुद्रातील प्रवाळ भट्टीत भाजून बांधकामाचा चुना केला जात असे. म्हणजे जुन्या इमारतींतला चिरा ज्वालामुखीने दिला आणि त्या चिऱ्यांना सांधणारा चुना प्रवाळाने पुरवला.

खिंडीवरून झालेली लढाई

माहेबूर ज्या ग्रां पोर उपसागराच्या काठी आहे, तेथेच मॉरिशसच्या लिखित इतिहासाचा आरंभ होतो. सप्टेंबर १५९८ मध्ये डच आरमाराची जहाजे या उपसागरात शिरली आणि नासाऊचा राजपुत्र मॉरिट्स याच्यावरून बेटाला मॉरिशस हे नाव मिळाले. १६३८ पासून डचांनी येथे वसाहत करण्याचे दोन प्रयत्न केले, १६३९ साली जावा बेटावरून ऊस आणला, आबनुसाची जंगले तोडली आणि १७१० साली बेट सोडून दिले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. त्यांचा सर्वांत कर्तबगार गव्हर्नर बर्त्रां-फ्रांस्वा माहे द ला बूर्दोने हा १७३५ पासून सुमारे अकरा वर्षे येथे होता, आणि १७४६ साली इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेणारा तो हाच होय. त्याच्या नावातील ‘माहे’ आणि बाजारपेठेचे गाव या अर्थाचा ‘बूर’ हा फ्रेंच शब्द मिळून माहेबूर हे नाव पुढे ठेवले गेले. फ्रेंचमध्ये ‘ह’ उच्चारला जात नसल्याने ऐकताना ते ‘माएबूर’ असे वाटते आणि स्थानिक क्रेओल बोलीत तर ते ‘मायबूर’ होऊन जाते.

शहराची स्थापना एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गव्हर्नर शार्ल दकां याच्या काळात झाली, आणि या घटनेला नगरच्या इतिहासाशी जोडणारा एक धागा आहे. दकां १८०३ साली निघाला होता तो पुदुच्चेरीचा कारभार हाती घेण्यासाठी. परंतु इंग्रजांनी ते ठाणे त्याच्या स्वाधीन केले नाही, म्हणून तो मॉरिशसला वळला. नेमक्या त्याच वर्षी, १२ ऑगस्ट १८०३ रोजी, आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंद्यांच्या ताब्यातील अहमदनगरचा भुईकोट घेतला. या वेलस्लीकडे १८०० सालच्या अखेरीस श्रीलंकेतील त्रिंकोमाली बंदरात एक फौज सोपवण्यात आली होती आणि तिचे एक संभाव्य लक्ष्य मॉरिशस हे होते. मात्र ती फौज पुढे इजिप्तकडे रवाना झाली. रॉबेर स्यूर्कूफसारखे फ्रेंच चाचे-सरदार या बेटाच्या आश्रयाने ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारी जहाजे लुटत असल्यामुळे, भारतात मराठ्यांशी लढणाऱ्या इंग्रजांना समुद्रातले हे बेटही सलत होते.

ऑगस्ट १८१० मध्ये इंग्रजांनी उपसागराच्या खिंडीवर पहारा देणारे ईल द ला पास हे चिमुकले बेट काबीज केले आणि त्यावर फ्रेंच निशाण तसेच ठेवून शत्रूच्या जहाजांना फसवले. तथापि आतल्या लगूनमध्ये शिरून हल्ला करताना प्रवाळाच्या उथळ खडकांनी त्यांचाच घात केला : सिरियस आणि मॅजिसियेन ही जहाजे रुतून बसली व अखेर जाळून टाकावी लागली, नेरेइड पराभूत झाले, आणि उरलेल्या इफिजेनियाने महिनाअखेर शरणागती पत्करली. नेपोलियनच्या काळातील फ्रेंच नौदलाचा हा विजय पॅरिसच्या विजय-कमानीवर कोरलेला आहे. या लढाईत जखमी झालेले दोन्ही बाजूंचे सेनानी, फ्रेंच द्यूपेरे आणि इंग्रज विलोबी, यांच्यावर ज्या वाड्यात एकाच वेळी उपचार झाले, त्या वाड्यात आज राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे, आणि माहेबूरला जाणाऱ्याने प्रथम पाहावी अशी ती वास्तू आहे.

फ्रेंचांचा हा विजय चार महिनेही टिकला नाही. इंग्रजांनी मुंबई, मद्रास आणि बंगाल येथून सैन्य गोळा केले, मुंबई इलाख्याचा सरसेनापती जॉन ॲबरक्रॉम्बी याच्या हाताखाली ते बेटाच्या उत्तर टोकाला उतरवले, आणि ३ डिसेंबर १८१० रोजी बेट ताब्यात घेतले. शरणागतीच्या अटींमध्ये रहिवाशांची भाषा, धर्म आणि कायदे राखण्याचे आश्वासन होते. त्यामुळे दीडशेहून अधिक वर्षे इंग्रजी राज्य होऊनही माहेबूरच्या दुकानांवरच्या पाट्या आणि हाती पडणारी वर्तमानपत्रे प्रामुख्याने फ्रेंचमध्ये असतात, तर रस्त्यावरचे बोलणे फ्रेंच शब्दांवर उभ्या राहिलेल्या क्रेओलमध्ये चालते. क्रेओल ही गुलाम, मालक आणि पुढे आलेले मजूर यांच्या परस्पर व्यवहारातून घडलेली आणि आता सर्वांची झालेली बोली आहे.

वारा, पाऊस आणि ऊस

सह्याद्री नैऋत्य मोसमी वाऱ्याला अडवतो, त्याच्या माथ्यावर पाऊस कोसळतो आणि डोंगराआडचा नगर-सोलापूरचा पट्टा कोरडा राहतो, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. खुद्द अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीकडे धो धो पाऊस पडत असताना नगर शहराच्या परिसराला वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागवावे लागते. मॉरिशसमध्ये हाच खेळ उलट्या दिशेने चालतो. तेथे वर्षाचा बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, म्हणजे पूर्वी शिडाच्या जहाजांना ज्यांच्या भरवशावर प्रवास करता येई ते एका दिशेचे स्थिर वारे. माहेबूर हे वारे सर्वांत आधी अंगावर घेते, बेटाच्या मध्यावरील पठाराच्या काही भागांत सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पश्चिमेचा ब्लॅक रिव्हर जिल्हा पर्जन्यछायेत राहून तेथे पाऊस हजार मिलिमीटरच्या आत येतो. जून ते सप्टेंबर हा तेथला हिवाळा असून या काळात माहेबूरच्या किनाऱ्यावर वारा झोंबतो, तर नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम असतो; म्हणून ऑक्टोबरच्या आसपासचे दिवस भेटीसाठी सोयीचे ठरतात.

विमानतळ माहेबूरपासून काही किलोमीटरवर प्लेझांस येथे असून, वाटेवर दोन्ही बाजूंना उसाची शेते लागतात. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरानगरला घातला गेला, त्या जिल्ह्यातील वाचकाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. मात्र शेतांच्या मधोमध उभे असलेले काळ्या दगडांचे उंच, नीटस ढीग त्याला अपरिचित असतील. जमीन लागवडीखाली आणताना त्यातले बेसॉल्टचे धोंडे हाताने वेचून जे ढीग रचले गेले, तेच हे ढीग, आणि ते रचणाऱ्या हातांत पहिल्याने गुलाम आफ्रिकी व मालागासी माणसांचे आणि नंतर भारतीय मजुरांचे हात होते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावर गुलामगिरी संपुष्टात आली. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, करारबद्ध भारतीय मजुरांचे जहाज राजधानी पोर्ट लुईच्या बंदराला लागले होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या मार्गाने आले. करार म्हणजे ॲग्रिमेंट, आणि त्याचाच अपभ्रंश गिरमिट. ज्या धक्क्याच्या पायऱ्या चढून हे मजूर बेटावर आले, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

मुंबई बंदरातून गेलेल्यांमध्ये रत्नागिरी व सावंतवाडीकडील कोकणी माणसे, तसेच सातारा-कोल्हापूरकडील घाटावरची माणसे होती. त्यांच्या वंशजांची वस्ती माहेबूरपेक्षा पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि वाकोआच्या परिसरात अधिक आढळते. कोकणातील जाखडी नाच तेथे ‘झाकरी’ या नावाने टिकून आहे, मूळ पुरुषाचे नावच पुढे आडनाव झाल्याने कित्येक घराण्यांची आडनावे ‘जी’ने संपतात, मोका येथे १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते, आणि गणेशचतुर्थीनिमित्त देशभर सार्वजनिक सुटी असते. ही सुटी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी येते, आणि त्या दिवशी नद्यांच्या व समुद्राच्या काठी गणपती पोहोचवले जातात. मराठी ही आज तेथल्या बहुतेक मराठी घरांची रोजची बोली उरलेली नाही, ते स्थान क्रेओलने घेतले आहे. परंतु सण, आरती आणि लग्नविधी यांतून ती ऐकू येते.

सोमवारचा बाजार आणि अळूचे तळे

आखीव चौकटीच्या रस्त्यांचे हे शहर पायी फिरण्याजोगे आहे आणि त्यासाठी सोमवार निवडावा, कारण त्या दिवशी तेथे आठवडे बाजार भरतो. भाजीच्या पाट्यांसमोर उभे राहिल्यावर मराठी माणसाला नावे परकी पण माल ओळखीचा, असा अनुभव येतो. ‘मार्गोज’ म्हणजे कारले, ‘पिपांगाय’ म्हणजे दोडका आणि ‘ब्रेद मुरूम’ म्हणजे शेवग्याचा पाला. यातील ब्रेद हा पालेभाजीचा वाचक शब्द, आणि मुरूमाचा संबंध खडीशी नसून शेवग्याच्या तमिळ नावाशी आहे. कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात ते फळही येथे मिळते. दालपुरी हा या देशाचा रस्त्यावरचा सर्वांत लाडका पदार्थ असून, तो बिहारकडून आलेल्या मजुरांनी रुजवला. डाळीचे पुरण भरून लाटलेली ही पातळ पोळी पुरणपोळीची बहीण शोभते, पण तिच्यात गूळ नसतो आणि ती घेवड्याचा रस्सा व झणझणीत चटणी लावून, गुंडाळी करून खातात. नदीपलीकडच्या व्हील न्वार या वस्तीत १८७० पासून कसाव्याच्या कंदाची बिस्किटे हाताने भाजली जातात. महाराष्ट्रातला उपवासाचा साबुदाणाही या कंदापासूनच होतो, आणि मॉरिशसमध्ये हे पीक ला बूर्दोनेने आणवले.

अळूला क्रेओलमध्ये ‘सोंज’ म्हणतात आणि या शब्दाने विज्ञानाच्या इतिहासात स्थान मिळवले आहे. मॉरिशसमध्येच राहणारा, उडू न शकणारा डोडो पक्षी सतराव्या शतकात नामशेष झाल्यावर त्याच्या अस्तित्वाचे पुरावे इतके तुटपुंजे उरले होते, की तो काल्पनिक असावा अशी शंकाही काहींनी घेतली होती. १८६५ साली, म्हणजे राजधानीहून माहेबूरकडे येणारी रेल्वे ज्या वर्षी सुरू झाली त्याच वर्षी, माहेबूरचा शाळामास्तर जॉर्ज क्लार्क याने जवळच्या मार ओ सोंज या दलदलीत डोडोच्या हाडांचा मोठा साठा शोधून काढला. जगभरच्या संग्रहालयांतील डोडोच्या सांगाड्यांपैकी अनेक या ‘अळूच्या तळ्या’तून गेलेले आहेत. रेल्वे आली तरी शहराचे भाग्य मात्र उजळले नाही. १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिवतापाच्या साथीने किनारपट्टीवर हाहाकार उडवला, ऐपत असलेली कुटुंबे थंड हवेच्या मध्य पठाराकडे निघून गेली, मोठा व्यापार पोर्ट लुईकडे एकवटला, आणि १९६० च्या दशकात रेल्वेही बंद झाली. माहेबूर लहान राहिले त्याची कारणे ही आहेत, आणि त्याचा जुना तोंडवळा टिकला तोही यांमुळेच.

किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर ईल ओ एग्रेत हे २६ हेक्टरांचे बेट आहे. ते बेसॉल्टचे नसून प्रवाळजन्य चुनखडीचे आहे आणि किनाऱ्यावरच्या मूळ जंगलाचा शेवटचा तुकडा तेथे जपलेला आहे. परकी झाडे व उंदीर हटवून, आबनुसाची रोपे पुन्हा लावून, आणि नामशेष झालेल्या स्थानिक कासवांच्या जागी अल्दाब्राची महाकाय कासवे सोडून हे जंगल सावरले जात आहे, कारण काही झाडांच्या बिया रुजण्यासाठी कासवाच्या पोटातून जाणे उपकारक ठरते. १९९० च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरलेली गुलाबी कबुतरे आज काही शेकड्यांवर पोहोचली आहेत, आणि त्यांतील काही या बेटावर पाहता येतात. दक्षिणेला ब्ल्यू बे हे संरक्षित सागरी उद्यान असून, तेथे काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहता येते. प्रवाळ दगडासारखे भासले तरी ते जिवंत असते, सहसा वर्षाला काही सेंटिमीटरच वाढते, आणि एका पावलाने मोडलेली फांदी भरून यायला अनेक वर्षे लागतात. म्हणून त्यावर उभे राहणे किंवा त्याचा तुकडा सोबत आणणे हा अपराध समजावा.

उसाच्या पाचटाचा बांध

ज्या प्रवाळभिंतीने या शहराला शांत पाणी दिले, तिच्यावरच २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे जपानी मालकीचे मोठे मालवाहू जहाज पॉइंट देस्नीजवळ आदळले. ६ ऑगस्टपासून त्यातून सुमारे हजार टन इंधन तेल गळून लगूनमध्ये पसरले, आणि ते ईल ओ एग्रेतसह माहेबूरच्या किनाऱ्याकडे सरकू लागले. त्या वेळी हजारो नागरिक माहेबूरच्या धक्क्यावर जमले आणि त्यांनी कापडी पिशव्यांत उसाचे पाचट, म्हणजे ऊस तोडल्यावर शेतात उरणारी वाळकी पाने, ठासून भरून त्यांचे लांबच लांब तरंगते बांध शिवले. पाचट पाण्यावर तरंगते व तेल धरून ठेवते, एवढ्या साध्या ज्ञानावर ते काम उभे राहिले. जे पाचट नगर जिल्ह्यात कधी पेटवून दिले जाते, कधी सरींत आच्छादन म्हणून अंथरले जाते आणि कधी गुरांपुढे पडते, तेच तेथे समुद्र वाचवण्याच्या कामी आले. तेलाचे नुकसान डोळ्यांना दिसले. त्याहून संथ नुकसान तापत्या समुद्राचे आहे, कारण पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकते, पांढरेफटक पडते आणि ही स्थिती लांबल्यास उपासमारीने मरते.

मॉरिशसला जाणारे बहुतेक प्रवासी प्लेझांसला उतरून मोटारीने थेट किनाऱ्यावरच्या आलिशान हॉटेलांकडे जातात आणि माहेबूर त्यांच्या डाव्या-उजव्या हाताला राहून जाते. दख्खनच्या पठारावरून जाणाऱ्याने निदान एक सोमवार या शहरासाठी राखून ठेवावा, सकाळी बाजार व संग्रहालय पाहावे, दुपारी होडीने बेटावर जावे आणि परतताना विमानतळाच्या रस्त्यावर उसातला एखादा दगडांचा ढीग थांबून नीट पाहावा. तो ढीग ज्या दगडाचा आहे तो केडगावच्या विहिरीतल्या दगडाचा भाऊबंद आहे, आणि तो रचणाऱ्यांमध्ये मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती.